ढलप्यांवरची अळंबी

"घरात कबुतरं आहेत का?" छातीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाहीत," हे म्हणाले.

"कोंबड्या? पोपट वगैरे काही पाळलाय?"

"नाही."

डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो पुन्हा उजेडाकडे धरला. रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात आम्ही तिघं बसलो होतो. मी, आमचे हे आणि आमची मानसी. मानसीला रत्नागिरीतच दिलेली. गणपतीला माहेरी आली, माझा खोकला ऐकून गेली आणि तेव्हापासून फोनवर एकच धोशा, मोठ्या डॉक्टरांना दाखव. मी आज-उद्या करत राहिले. शेवटी मार्गशीर्षात ती जावयांची गाडी घेऊन देवरूखला आली आणि आम्हां दोघांना गाडीत घालून घेऊन गेली.

"काका, तुम्ही काय काम करता?"

"सुतारकाम. घरासमोरच शेड आहे माझी."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "म्हणजे लाकडाची धूळ रोजचीच."

ह्यांचा चेहरा उतरला. खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "माझ्या कामाच्या धुळीनं झालं का हिला?"

"तसंच वाटतंय. पण शेड किती वर्षांची?"

"लग्नाच्या आधीपासूनची."

"आणि खोकला गेल्या पावसाळ्यापासूनचा. मग नुसत्या धुळीनं जमत नाही. घरात काहीतरी नवीन आलेलं असणार. आठवून बघा. काकू, तुम्ही सांगा. लांब कुठं राहायला गेलात की बरं वाटतं का?"

"काही फरक नसतो," मी म्हटलं.

मानसीनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाखाली तिच्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. तिनं तो बाजूला केला.

"आमच्याकडे अळंबी आहेत," ती म्हणाली. "मागच्या खोलीत. लाकडाच्या ढलप्यांवर वाढवतात बाबा."

डॉक्टर लिहायचे थांबले. खोली घराला लागून आहे का, बंद असते का, असं एकेक विचारत गेले. हे उत्तरं देत होते. स्वयंपाकघराला लागून. हो, बंद. ओलावा टिकायला लागतो. भिंतीभर फळ्या आहेत, फळ्यांवर पिशव्या. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अळंबी पिकली की तिच्या पोटातून पिठासारखी बारीक भुकटी उडते. पुष्कळांना काही होत नाही. कोणाकोणाला मात्र ती सोसत नाही, आणि रोज रोज छातीत जात राहिली की फुप्फुस हळूहळू राठ होत जातं.

"आता थांबवलंत तर बरंचसं भरून येईल. नाही थांबवलंत तर पुढच्या वर्षी काकू नाकात नळी घालून बसतील. मग माझ्याही हातात काही नाही."

"मी ती समोर शेडमध्ये हलवली तर?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या कपड्यांवरून घरात येईल, काका. केसांवरून येईल. घरातही नको आणि आवारातही नको."

ह्यांनी मान डोलवली. उठताना खुर्चीचा हात धरून उठले, एवढंच मला आठवतं.

परतताना गाडीत हातखंब्याचा फाटा मागं पडल्यावर मानसी म्हणाली, "बाबा, कोणाला तरी देऊन टाकू या. पिशव्या तयारच आहेत. कोणीही आनंदानं नेईल."

"आणि त्याच्या घरातल्या बाईला असाच खोकला लागला तर?" हे म्हणाले. मग पुढच्या काचेतून बघत राहिले.

ती अळंबी सुजयची होती.

सुजय मानसीच्या पाठचा. दापोलीला शेतीचं शिकून आला आणि नोकरी करणार नाही म्हणाला. ह्यांना वाटलं, आता तरी रंधा हातात धरेल. पण तो शेडमध्ये यायचा तो पोतं घेऊन. वाकसानं लाकूड तासताना खाली पडलेल्या ढलप्या निवडून पोत्यात भरायचा.

"बाबा, सागाच्या नकोत. साग बुरशीला जवळ येऊ देत नाही. आंबा, फणस, जांभूळ चालेल."

"मी आयुष्यभर चुलीत घातलं ते तू पिशव्यांत भर," हे म्हणायचे. पण दुसऱ्या दिवशी फणसाचा ओंडका तासायला घेतला, तर ढलप्या सगळ्या एकसारख्या, बोटभर. त्याला हव्या तशा. मी बघत होते.

मागच्या खोलीतलं जुनं लाकूड त्यानं बाहेर काढलं. ढलप्या भिजत घालायच्या, पिंपात उकळायच्या, निवल्या की पिळून त्यात भाताचा कोंडा मिसळायचा. मग कोल्हापूरहून आणलेलं बियाणं, ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं, पांढरं. ते ढलप्यांत कालवायचं आणि प्लास्टिकच्या पिशव्या भरून तोंडं बांधायची. पिशव्यांना लहान लहान भोकं पाडायची. कालवायचं काम तो उघड्या अंगानं करायचा, कोपरापर्यंत हात आत घालून. पहिलं पीक निघालं तेव्हा देवरूखच्या एका खानावळवाल्यानं सगळं उचललं, आणि ह्यांनी ते दहा जणांना तरी सांगितलं असेल.

दुसऱ्या खेपेच्या पिशव्या भरून झाल्या तेव्हा सुजय मला म्हणाला, "आई, आता खोली उघडू नकोस. पांढरी जाळी धरेपर्यंत काळोखात राहू देत." त्याच आठवड्यात तो मोटरसायकलवरून कोल्हापूरला बियाणं आणायला निघाला. घाटात समोरून ट्रक आला.

ह्यांनी अग्नी दिला आणि त्यानंतर ह्यांचं बोलणं बंद झालं. रागावून नव्हे, रडूनही नव्हे. बोलायचं असतं हेच जणू विसरले. ताट वाढलं की जेवायचे. शेडमध्ये जाऊन बंद करवतीशेजारी बसून राहायचे. लोक दारं-खिडक्यांची कामं घेऊन यायचे, मी अंगणातूनच परत पाठवायची. दिवस झाले, पाहुणे गेले, मानसी तिच्या घरी गेली. घरात भांड्याला भांडं लागलं तरी मी दचकायची.

मग एके दिवशी स्वयंपाकघरात वास यायला लागला. ओल्या लाकडाचा, गोडसर. मला वाटलं मागच्या खोलीत काही मेलंय. दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. पिशव्या आतून पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, कापूस भरल्यासारख्या. आणि प्रत्येक भोकातून अळंबी बाहेर आली होती. उजेड नसल्यामुळं दांडे लांब आणि बारीक, टोप्या नखाएवढ्या.

मी ह्यांना हाक मारली. आले. उंबऱ्यावरच थांबले.

"ही कोणी लावली?" बोलले. आवाज घोगरा झाला होता.

"त्यानंच. जायच्या आधी."

"पाणी कोण मारत होतं?"

"कोणीच नाही."

हे आत जाऊन जमिनीवर बसले आणि एका पिशवीला हात लावला. आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा. मी दार ओढून घेतलं आणि चुलीकडे आले. त्या संध्याकाळी ओल्या खोबऱ्याचं वाटप घालून मी अळंबीचं कालवण केलं. ह्यांनी घास घेतला, चावला, म्हणाले, "मीठ कमी आहे." मी मिठाचा डबा आणायला म्हणून आत गेले आणि फळीला धरून तशीच उभी राहिले, पदर तोंडात कोंबून.

तिथून हे परत माणसांत आले. खोलीला खिडकी काढली, जाळी बसवली. सागाच्या फळ्या तासून भिंतीभर मांडल्या. साग बुरशीला शिवू देत नाही, हे सुजयनंच सांगितलेलं. सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचे. पण दोन-तीन बहर आले की पिशवीतलं सत्त्व संपतं. ढलप्या हलक्या होत जातात, बोटानं दाबलं की चुरा होतो. ह्यांनी एकदा तशी पिशवी उचलली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "हे संपणार आता."

"कोल्हापूरहून नवीन बियाणं मागवू."

"नवीन नको."

मला कळलं. मी म्हटलं, "विरजणासारखं करून बघू या. ह्यातलं थोडं घेऊन नवीन ढलप्यांत घालू."

आम्ही दोघांनी ते केलं. मी ढलप्या उकळल्या, ह्यांनी जुनी पिशवी कुस्करली. पंधरवड्यानं नवीन पिशवीत पांढरा धागा दिसला. त्या दिवशी हे शेडमध्ये गेले आणि करवत सुरू झाली. आळीतले लोक म्हणायचे, विश्रामभाऊ सावरले. सावरलेच होते. विरजणातून विरजण लावत सुजयची अळंबी चालत राहिली, आणि माझा खोकला सुरू झाला.

घरी पोचलो तेव्हा उन्हं अजून डोक्यावर होती. ह्यांनी मला गाडीतून उतरू दिलं, पण घरात जाऊ दिलं नाही.

"तू शेजारी सरोजवहिनींकडे जाऊन बस."

मी गेले नाही. आवाराच्या दुसऱ्या टोकाला, फाटकाशी, दगडी गडग्यावर बसले. ह्यांनी ओला पंचा तोंडाला गुंडाळला. मानसीनंही ओढणी बांधली. मग दोघं एकेक पिशवी बाहेर आणायला लागले. काही पिशव्यांना नुकते टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर फुटले होते. काहींना मोठे घोस होते, शिंपल्यावर शिंपले ठेवावेत तसे. अंगणात रांग लागली. खोलीच्या फळ्या पिठाच्या गिरणीतल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या असं मानसीनं मला नंतर सांगितलं. मला ते सांगायची गरज नव्हती.

"बाबा, जाळून टाकू या," मानसी म्हणाली. "पालापाचोळा आहेच. एका तासात होईल."

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. "एकदा दिलाय अग्नी," म्हणाले.

मानसी पाठ करून उभी राहिली. हे शेडमधून पहार आणि फावडं घेऊन आले. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं माड संपतात तिथं, खणायला लागले. खोल पुरली की भुकटी उडत नाही, म्हणाले. तांबडी कातळाची जमीन, पहार ठणठण वाजायची. मानसी म्हणाली, गडी बोलावते. ह्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ह्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढं होतं. मध्ये मध्ये थांबून खड्ड्याच्या कडा सरळ करत होते. मी लांबून बघत होते आणि मला खोकला येत होता.

खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा हे वर आले, विहिरीवर हातपाय धुतले, सदरा काढून दगडावर टाकला आणि उघड्या अंगानं माझ्याकडे आले. जवळ नाही, चार हातांवर थांबले.

"तू चिपळूणला भावाकडे राहून आलीस, तेव्हा खोकला गेला होता," म्हणाले. "तूच फोनवर सांगितलंस. परत आलीस त्या संध्याकाळी सुरू झाला."

"हो."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

मी खड्ड्याकडे बघितलं.

"म्हणजे तुला माहीत होतं. तेव्हापासून."

"तेव्हापासून."

मानसी जवळ आली होती. तिनं ऐकलं. "आई, बाबांसाठी एवढं?" ती रडत म्हणाली. "ते पुन्हा गप्प होतील म्हणून तू स्वतःचा जीव..."

"नाही गो," मी म्हटलं.

ते तिला सांगायचं नव्हतं मला. ह्यांनाही नव्हतं. पण ती दोघंही माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी काही मोठं केलंय.

"त्यांच्यासाठी नाही. हे सकाळी शेडमध्ये गेले की मी आत जाऊन बसायची. दार लावून. पिशव्यांच्या अगदी जवळ. त्या ढलप्यांत त्यानं हात घातले होते. जाळलं त्यातलं काही मागं राहिलं नाही, कपडेसुद्धा धुऊन वाटले आपण. तेवढंच राहिलं होतं. भुकटी अंगावर पडायची, मी झटकायची नाही. खोकला लागला तेव्हा कळलं, हिच्यामुळं आहे. तरी जायची. वाटायचं, आत जातंय ते त्याचंच आहे, जाऊ दे."

मानसी माझ्या शेजारी गडग्यावर बसली. ह्यांनी पंचा सोडून हातात घेतला. बराच वेळ त्याची घडी करत राहिले.

"मला वाटत होतं मी एकटाच बसतो तिथं," म्हणाले.

"कधी?"

"तू देवळात गेलीस की. बाजारात गेलीस की."

एवढ्या दिवसांत आम्ही एकमेकांशी त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. एकाच खोलीत, एकाच जागी बसून येत होतो, आणि जेवताना मीठ-तिखटाचं बोलत होतो.

हे परत गेले. पंचा बांधला आणि पिशव्या फोडून ढलप्या खड्ड्यात घालायला लागले. प्लास्टिक मानसी गोळा करत होती. हे पिशवी उलटी करून झटकत नव्हते. गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी आतला पांढरा गड्डा काढायचे आणि वाकून खाली ठेवायचे. शेवटची पिशवी सगळ्यांत भरलेली होती. तिच्या एका बाजूला मोठा घोस होता, टोप्यांच्या कडा दुधाळ, उन्हात पारदर्शक दिसणाऱ्या.

मी उठून दहा-पंधरा पावलं पुढं गेले. "ती एकदा माझ्या हातात द्या."

"आई, नको," मानसी म्हणाली.

"एकदाच. मग ठेवा."

हे पिशवी छातीशी धरून उभे होते. मला वाटलं देतील. मी हातही पुढं केले.

"नाही," हे म्हणाले. "एक गेला. तू नको जाऊस."

आणि माझ्याकडे पाठ करून खड्ड्याशी बसले. त्यांचे खांदे मला दिसत होते. सतरा-अठरा महिन्यांचं रडणं त्या माणसानं तिथं बसून रडून घेतलं, आवाज न करता, आणि मी जवळ जाऊ शकत नव्हते. मानसीला मी खूण केली. तिनं जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

माती ह्यांनी फावड्यानं नाही, हातांनी लोटली.

मला मानसीनं महिनाभर रत्नागिरीला नेऊन ठेवलं. घर धुऊन, चुना लावून झाल्यावरच परत आणलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं झालं. खोकला ओसरला, चढण चढताना धाप थोडी लागते ती आजही लागते, बाकी मी धडधाकट आहे. हे पुन्हा गप्प होतील अशी भीती होती, ते झालं नाही. उलट आता सुजयचं बोलायचे. त्याचा हट्टीपणा, लहानपणी करवतीला हात लावून घेतलेला, सगळं. रिकाम्या खोलीत मी पुढच्या वर्षी तांदळाची पिंपं ठेवली.

फक्त पावसाळ्यात एक गोष्ट असायची. आषाढ लागला की हे रोज सकाळी छत्री घेऊन मागच्या कोपऱ्यात जायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. तिथं थोडा वेळ वाकून उभे राहायचे, परत यायचे, पाय धुवायचे. "काही नाही," म्हणायचे. मी चहा पुढं ठेवायची. ढलप्या ओल्या मातीत पडल्या तर कधीमधी त्यांतून अळंबी वर येते असं सुजयनं सांगितलेलं आम्हां दोघांना माहीत होतं. पण खड्डा फार खोल होता. एवढ्या खोलातून काय वर येणार. तरी ते जायचे, आणि मला वाटायचं, जाऊ देत, आशा आहे तर असू दे.

त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. एके सकाळी पाऊस उघडला होता. मला म्हणाले, "आज तू बघून ये गो. लांबूनच बघ. जवळ जाऊ नकोस."

मी गेले. परत आले तेव्हा ते दाराकडे डोळे लावून होते.

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं," म्हणाले. "आली असती तर उपटून लांब नेऊन टाकावी लागली असती. आता मला उठवत नाही. तू एकटी असताना आली तर काय, ह्याचाच घोर होता."

मी पायथ्याशी बसले. इतकी वर्षं मी खिडकीतून बघत होते ती आशा नव्हती तर. हे पहारा करत होते.

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि उलटा करून बघितला. मनगटापर्यंत तो तांबड्या मातीनं माखला होता, नखांत माती भरली होती. वर काही दिसलं नाही, म्हणून मी उकरून बघितलं होतं.

कितीतरी वेळ त्यांनी तो हात सोडला नाही. मग म्हणाले, "जा, हात धुऊन ये."